पोस्ट टाकण्याआधी: नव्याने लिहिणाऱ्या, गाणाऱ्या आणि पुढे पाठवणाऱ्यांसाठी कॉपीराइट

चार वर्षांपूर्वी आजीच्या गोधडीवर मी एक छोटा ललित लेख लिहून फेसबुकवर टाकला होता. जेमतेम चारशे शब्दांचा. सात-आठ महिन्यांनी तोच लेख आमच्या मामे-मावस भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आला. वर दोन गुलाब, खाली जोडलेले हात, "आवडल्यास नक्की पुढे पाठवा", आणि लेखकाच्या जागी "अनामिक". शेवटचं वाक्यही बदललेलं होतं. माझं वाक्य होतं, "गोधडीत आजीच्या तीन लुगड्यांचे तुकडे होते, चौथं लुगडं कुणाचं ते आईलाही आठवेना." ते काढून कुणीतरी "आजकालच्या मुलांना ही माया कुठून कळणार" असं चिकटवलं होतं. त्याखाली मावसबहिणीने लिहिलं, "अगं बाई, अगदी आपल्या आजीसारखं आहे गं!"

आजी तीच होती, लेखही तिच्यावरचाच होता, पण ते सांगणारं काही त्यात उरलं नव्हतं.

तेव्हापासून मी हा कायदा मुळातून वाचायला घेतला. मी वकील नाही. पण कविता, फोटो, रेसिपी, अभिवाचन असं काहीबाही ऑनलाइन टाकायला नुकतीच सुरुवात केलेली मंडळी मला सारखी भेटतात आणि सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. ते प्रश्न ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने इथे घेते. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. कायदा कडक आहे म्हणून घाबरून लिहिणं-गाणं थांबवावं असं मला कुणालाही सांगायचं नाही. दुसऱ्याचं नाव पुसू नका आणि स्वतःचं पुसू देऊ नका, यासाठी हा सगळा खटाटोप.

पहिली पायरी: तुमचं काय आहे ते ओळखा

भारतातला कॉपीराइट कायदा १९५७ चा. तो २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला आणि तेव्हापासून त्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. सगळ्यात मोठी अलीकडची दुरुस्ती २०१२ ची. या कायद्यातली पहिली लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे हक्क मिळवण्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. कविता कागदावर उतरली, फोटो काढला गेला, चाल रेकॉर्ड झाली की त्या क्षणी हक्क तुमचा. खाली © चं चिन्ह नसलं तरी तुमचाच, आणि फेसबुकवर सगळ्यांना दिसेल असं टाकलं तरीही तुमचाच. "नेटवर होतं म्हणून घेतलं" ही सबब कायद्यात बसत नाही.

हक्क मिळतो तो मांडणीवर. कल्पनेवर, विषयावर किंवा माहितीवर मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. त्यांचं नाटक आणि नंतर आलेला एक चित्रपट, दोन्हींचा विषय प्रांतवाद होता. विषय तोच असला तरी मांडणी वेगळी आहे, म्हणून ही नक्कल नव्हे, असं न्यायालय म्हणालं. तेव्हा "तिनेही सासूवर कविता केली, मीही केली" यात चोरी नाही. पुरणपोळीला किती डाळ आणि किती गूळ, यावर कुणाचीच मालकी नाही. पण कुणी पुरण शिजतानाचा वास, कटाच्या आमटीसाठी बाजूला काढलेलं पाणी आणि पोळी फाटल्यावरची सासूबाईंची नजर असं रंगवून लिहिलं असेल, तर ते लिहिणं तिचं आहे आणि सोबतचा फोटोही तिचाच आहे. साहित्य नि कृती घ्या, स्वतः करून बघा, स्वतःच्या शब्दांत लिहा, स्वतःच्या पोळीचा फोटो काढा. झालं.

दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. नोकरीचा भाग म्हणून तुम्ही जे लिहिता-काढता, त्याचा पहिला हक्क वेगळा करार नसेल तर मालकाचा असतो. दुसरी गोष्ट लग्नाच्या फोटोंची. पैसे देऊन फोटो काढून घेतले असतील आणि तसा वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट पैसे देणाऱ्याचा. फोटोग्राफर मंडळींना हे ऐकून धक्का बसतो. आपल्या कामाचे नमुने म्हणून ते फोटो त्यांना स्वतःच्या पानावर टाकायचे असतील तर ऑर्डर घेतानाच कागदावर तसं लिहून घ्यावं. आणि नवरा-नवरीने, हक्क आपला असला तरी, फोटो टाकताना काढणाऱ्याचं नाव द्यावं. फोटो त्याने काढला ही गोष्ट पैसे दिल्याने बदलत नाही.

दुसरी पायरी: वापरायचंय ते कुणाचं, आणि कधीपर्यंत

इथे थोडं गणित आहे, पण सोपं. लेखक, कवी, संगीतकार, चित्रकार, फोटोग्राफर यांचा हक्क त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षीच्या १ जानेवारीपासून. चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांना प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षं. पूर्वी मृत्यूनंतरची मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले, म्हणजे १९९१ संपताच त्यांचं साहित्य सगळ्यांना खुलं झालं असतं; नेमकी तेव्हाच मुदत वाढवून ६० करण्यात आली.

आता आपल्याकडची नावं घालून बघू. केशवसुत १९०५ मध्ये गेले, बालकवी १९१८ मध्ये, गडकरी १९१९ मध्ये. यांच्या कविता कुणीही छापाव्या, गाव्या, वाचाव्या. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून २०१० संपल्यापासून त्यांचं लेखन खुलं आहे. मात्र त्यांच्या पुस्तकाची आजच्या चित्रकाराने सजवलेली नवी आवृत्ती घेऊन त्यातली चित्रं उचलाल, तर चित्रकाराचा हक्क मोडाल. शब्द खुले असतात, चित्रं खुली असतीलच असं नाही.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण मला फार आवडतं, कारण त्यात कायद्याची एक वेगळी घडी दिसते. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या ओव्या म्हणत आणि घरातले कुणी ते लिहून ठेवत. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये त्यांच्या गाण्यांचा संग्रह पहिल्यांदा छापला गेला. लेखकाच्या मृत्यूनंतर जे प्रथम प्रकाशित होतं, त्याची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. म्हणून ही गाणी २०१२ अखेर खुली झाली. त्याच संग्रहाला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे. अत्रे १९६९ मध्ये गेले, तेव्हा ती प्रस्तावना २०२९ अखेरपर्यंत संरक्षित राहील. एकाच पुस्तकाची काही पानं खुली, काही बंद.

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, कुसुमाग्रजांच्या कविता सगळ्यांच्या फोनवर फिरतात. ते १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०५९ अखेरपर्यंत संरक्षित आहे. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, त्यांचं २०६० अखेरपर्यंत. आवडत्या कवितेच्या दोन ओळी देऊन तुम्ही त्यावर काही लिहिलंत तर प्रश्न येत नाही. अख्खा संग्रह स्कॅन करून पीडीएफ गटात टाकणं हे मात्र सरळ उल्लंघन आहे, कितीही प्रेमापोटी केलं तरी. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपायलासुद्धा कधीकधी वर्षं लागतात. ती पीडीएफ पाचशे जणांच्या गटात गेली की त्या हजारातल्या किती प्रती पडून राहतील, याचा पाठवणाऱ्याने क्षणभर विचार करावा.

संतसाहित्याबद्दल शंका नको. ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा, जनाबाईंचे अभंग सगळ्यांचे आहेत. पण आजच्या अभ्यासकाने केलेला ज्ञानेश्वरीचा अर्थ त्याचा आहे आणि एखाद्या संगीतकाराने अभंगाला लावलेली चाल त्या संगीतकाराची आहे.

आणि तो "अनामिक"? निनावी प्रसिद्ध झालेल्या लेखनालाही प्रकाशनापासून ६० वर्षं संरक्षण असतं. नाव माहीत नाही म्हणजे मालक नाही, असं होत नाही.

जुनं पुस्तक शोधायचं असेल तर आधी मराठी विकिस्रोत बघा, तिथे हक्क संपलेली बरीच पुस्तकं आहेत. फोटोंसाठी विकिमीडिया कॉमन्स. तिथे प्रत्येक फोटोखाली परवान्याचं नाव असतं. ते वाचून त्यात सांगितल्याप्रमाणे श्रेय द्यायचं. एवढं केलंत की रात्री झोप शांत लागते.

तिसरी पायरी: गाण्याचे पदर मोजा

सगळ्यात जास्त गोंधळ गाण्यांचा होतो, कारण एका गाण्यात एक हक्क नसतो, चार असतात. गीतरामायण घ्या. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर ते पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालं, एकूण ५६ गीतं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे. ते १९७७ मध्ये गेले, म्हणून शब्दांचा हक्क २०३७ अखेरपर्यंत. संगीत सुधीर फडक्यांचं. ते २००२ मध्ये गेले, म्हणून चालीचा हक्क २०६२ अखेरपर्यंत. ज्या ध्वनिमुद्रिकेवर तुम्ही ते ऐकता तिचा हक्क वेगळा, ती प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षं. आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे कलाकार म्हणून हक्क आणखी वेगळे, सादरीकरणापासून ५० वर्षं. "गाणं फार जुनं आहे" एवढ्याने भागत नाही, चारही पदर बघावे लागतात.

मग घरी पेटीवर बसून जुनं गाणं गायलं आणि यूट्यूबवर टाकलं तर? ध्वनिमुद्रिका तुम्ही वापरली नाहीत, पण शब्द आणि चाल वापरली. प्रत्यक्षात असं होतं की यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा ते गाणं ओळखते, हक्कधारकाचा दावा लागतो, व्हिडिओ बहुतेक वेळा राहतो आणि जाहिरातीचे पैसे हक्कधारकाकडे जातात. ही त्यांनी दिलेली सवलत आहे, ते कधीही काढून घेऊ शकतात. रीलमध्ये इन्स्टाग्रामच्या स्वतःच्या संग्रहातलं गाणं वापरणं सुरक्षित, कारण त्याचा करार त्या कंपनीने केलेला असतो. पण तीच रील तुमच्या मसाल्याच्या किंवा साड्यांच्या जाहिरातीसाठी वापरलीत तर तो करार तुम्हाला पुरत नाही. घरगुती व्यवसाय करणाऱ्या बायकांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. त्यांच्यासाठी व्यावसायिक वापराला खुलं असलेलं संगीत वेगळं मिळतं.

लग्न आणि गणपती. खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाणी वाजवायला कायद्याने सूट आहे, आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले सामाजिक समारंभ त्यात धरले आहेत. तरी ही सूट कुठपर्यंत ताणायची यावर वाद चालू असतात. जानेवारी २०२४ मध्ये गोवा सरकारने परिपत्रक काढून सांगितलं की लग्नात गाणी वाजवायला परवानगी लागत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. कायद्यातली सूट जागेवर आहे, पण ती प्रत्येक प्रसंगात तपासावी लागते. हॉलवाल्याशी बोलताना परवान्याचा विषय आधीच काढा, म्हणजे ऐन संगीताच्या रात्री कुणी येऊन स्पीकर बंद करायला लावणार नाही.

हौशी मंडळाने तिकीट न लावता, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी, एकांकिका किंवा गाण्यांचा कार्यक्रम केला तर त्यालाही सूट आहे. तरी नाटककाराला पत्र पाठवून परवानगी घ्यायची आपली जुनी रीत आहे, ती मोडू नका. आणि त्या प्रयोगाचं शूटिंग करून यूट्यूबवर टाकणं या सुटीत बसत नाही. सूट समोर बसलेल्या प्रेक्षकांपुरती आहे.

चौथी पायरी: न विचारता काय चालतं

कायद्याच्या ५२ व्या कलमात ही यादी आहे आणि ती बरीच उदार आहे. स्वतःच्या वापरासाठी किंवा अभ्यासासाठी, समीक्षेसाठी, चालू घडामोडींची बातमी देण्यासाठी दुसऱ्याच्या कृतीचा रास्त वापर चालतो. पुस्तकावर परीक्षण लिहिताना चार ओळी उद्धृत करणं, चित्रपटाच्या समीक्षेत एखादं दृश्य दाखवून त्यावर बोलणं हे त्यात येतं. शिक्षकाने वर्गात शिकवताना उतारा देणं येतं. चौकातल्या शिवरायांच्या पुतळ्याचा, देवळाच्या शिखराचा, रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीचा फोटो काढणं येतं. राजपत्र, न्यायालयाचे निकाल, आणि सोबत भाष्य किंवा स्वतःचा काही मजकूर असेल तर कायदे छापणं येतं.

अभिवाचन करणाऱ्यांसाठी यात एक मोलाची तरतूद आहे. दृष्टिहीन व्यक्तींसाठी, नफा न घेता, पुस्तक ध्वनिरूपात आणायला परवानगी लागत नाही. अट अशी की ते त्यांच्यापर्यंतच पोचावं, बाजारात फिरू नये. आपल्याकडे कितीतरी जण आवडीने असं वाचन करतात, त्यांनी निर्धास्त करावं. तेच रेकॉर्डिंग सगळ्यांसाठी चॅनेलवर टाकायचं असेल तर लेखकाची परवानगी हवीच.

आता काही गैरसमज, जे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. "तीस सेकंदांपर्यंत गाणं वापरलं तर चालतं": असा नियम भारतीय कायद्यात नाही. किती घेतलं, कशासाठी घेतलं आणि मूळ कृतीच्या बाजारावर काय परिणाम झाला, हे एकत्र बघितलं जातं. "कॉपीराइटचं उल्लंघन करण्याचा हेतू नाही" असं खाली लिहिल्याने काही होत नाही. "मी पैसे कमावत नाही" हे न्यायालय शिक्षा ठरवताना बघू शकतं, पण त्यामुळे उल्लंघन पुसलं जात नाही. आणि सगळ्यात आवडता शब्द, "साभार". साभार म्हणजे आभारासह. आभार ज्याचे मानायचे त्याला आपण विचारलंच नसेल तर तो शब्द पोकळ राहतो. "व्हॉट्सअ‍ॅपवरून साभार" याचा तर मला काही अर्थच लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपने ती कविता लिहिलेली नसते.

विडंबन आणि मीम यांच्यासाठी आपल्या कायद्यात वेगळी सूट लिहिलेली नाही. ती समीक्षेच्या अंगाने मांडता येते. मूळ कृतीवर किंवा दुसऱ्या कशावर तुम्ही खरंच काही भाष्य करत असाल तर तुमची बाजू भक्कम. नुसतं दृश्य उचलून वर "सोमवारची सकाळ" लिहिलं तर बाजू लंगडी. व्यवहारात मीमवरून सामान्य माणसाला कुणी कोर्टात खेचत नाही, पण त्याच मीमने दुकानाची जाहिरात केली तर चित्र पालटतं.

पाचवी पायरी: विचारा

ही पायरी लोक गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात सोपी आहे. मराठीतले लेखक-कवी तसे हाताशी असतात; पुस्तकात प्रकाशकाचा पत्ता असतो, फेसबुकवर स्वतः लेखक असतात. लेखक हयात नसतील तर प्रकाशकामार्फत वारसांपर्यंत पोचता येतं. विचारताना मात्र गुळमुळीत विचारू नये. "तुमची कविता वापरू का?" यातून काहीच कळत नाही. मी असं लिहिते:

"नमस्कार. आपली अमुक कविता माझ्या यूट्यूब चॅनेलवर वाचून सादर करावी अशी इच्छा आहे. वाचन पूर्ण कवितेचं असेल, शब्दात बदल करणार नाही. सुरुवातीला आणि खालच्या वर्णनात आपलं व संग्रहाचं नाव देईन. चॅनेलवर सध्या जाहिराती नाहीत. पुढे सुरू झाल्या तर आपल्याला कळवून पुन्हा विचारेन. आपण मानधन घेत असाल तर कृपया कळवावं. आपली हरकत असल्यास तसं सांगावं, मी वाचणार नाही."

काय, कुठे, किती, बदल करणार का, पैसे मिळणार का, हे पाच मुद्दे त्यात आले की समोरच्याला उत्तर देणं सोपं जातं. होकार आला की तो मेसेज जपून ठेवा. फोनवर होकार मिळाला तर "आत्ता आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे" असा एक मेसेज मागाहून पाठवा. उत्तर आलंच नाही तर तो होकार समजू नका.

सहावी पायरी: पुढे पाठवताना

पोस्ट आवडली तर शेअरचं बटण दाबा किंवा लिंक पाठवा; नाव आपोआप सोबत जातं. मजकूर कॉपी करून चिकटवायचाच असेल तर नावाची ओळ आधी निवडा, मजकूर नंतर. निनावी आलेलं एखादं लेखन फारच आवडलं, तर त्यातलं एखादं वेगळं वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधा, बऱ्याचदा मूळ लेखक दोन मिनिटांत सापडतो. आणि भलत्याच नावावर खपवू नका. पु.लं.च्या नावाने जे काही फिरतं त्यातलं कितीतरी त्यांनी कधी लिहिलेलं नाही. त्यात पु.लं.वर अन्याय होतोच, पण ज्या अनोळखी माणसाने ते खरोखर लिहिलं त्याचं नाव कायमचं जातं.

याला नैतिक हक्क म्हणतात. कलम ५७. आपली कृती आपल्या नावाने ओळखली जावी, आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल असा बदल तीत कुणी करू नये, हे दोन हक्क लेखकाने कॉपीराइट विकून टाकला तरी त्याच्याकडे राहतात. अमरनाथ सेहगल या शिल्पकाराचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने काढून कोठारात टाकलं आणि त्याची मोडतोड झाली. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं, तरी दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पकाराच्या बाजूने निकाल दिला. माझ्या लेखाचं शेवटचं वाक्य बदललं तेव्हा मला नेमकं काय टोचत होतं, ते मला हे कलम वाचून कळलं.

सातवी पायरी: आपलं जपा

नाव मजकुराच्या पोटात घाला. शेवटी वेगळ्या ओळीत असलेलं नाव सहज गळतं. शीर्षकाच्या ओळीत किंवा पहिल्या परिच्छेदात गुंफलेलं नाव सहसा टिकतं. फोटोवर नाव कोपऱ्यात टाकलं तर कापलं जातं, म्हणून थोडं आत घ्या. मूळ फाइल, पहिला खर्डा, मोठ्या आकाराचा मूळ फोटो जपून ठेवा. लेख टाकण्याआधी तो स्वतःलाच ईमेल करण्याची सवय चांगली, तारखेचा पुरावा राहतो.

नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर तिचा उपयोग होतो. अर्ज कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करता येतो. साहित्य, नाटक, संगीत किंवा चित्र यांसाठी प्रत्येक कृतीला ५०० रुपये शुल्क, ध्वनिमुद्रणाला २,०००, चित्रपटाला ५,०००. अर्ज केला की डायरी क्रमांक मिळतो आणि कुणाची हरकत येते का हे बघायला ३० दिवस थांबतात. एकेक कविता नोंदवत बसू नका. संग्रह, नाटक, पटकथा असेल तर मात्र जरूर नोंदवा.

लोकांनी तुमचं काम मोकळेपणाने वापरावं असं वाटत असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लावा. नाव देऊन वापरा. नाव द्या पण व्यापार नको. नाव द्या पण बदल नको. तुम्ही जे कराल तेही असंच खुलं ठेवा, असे त्याचे प्रकार आहेत. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, म्हणून विचार करून लावा. मी माझे गावच्या जत्रेचे फोटो असे खुले केले आहेत, लेख केलेले नाहीत.

प्रकाशक, चॅनेल किंवा अ‍ॅप करार पुढे करेल तेव्हा सही करण्याआधी तीन गोष्टी बघा. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणून "कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत" अशी ओळ दिसली की थांबा आणि त्या बदल्यात काय मिळतंय ते विचारा. गीतकार-संगीतकारांसाठी २०१२ ची दुरुस्ती फार महत्त्वाची आहे. चित्रपटासाठी गीत दिलं तरी चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातला रॉयल्टीचा समान वाटा तुम्ही निर्मात्याला सोडून देऊ शकत नाही, करारात तसं लिहून घेतलं तरी. ती रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था मुंबईतच आहे. एखादं गाणं जरी ध्वनिमुद्रित झालं असेल तर सभासद होण्याबद्दल चौकशी करा.

आठवी पायरी: चोरी झाली तर

आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख, नाव आणि लिंक दिसू द्या. मग साध्या भाषेत मेसेज करा. बहुतेक लोकांनी वाईट हेतूने केलेलं नसतं, त्यांच्याकडे नाव गळूनच आलेलं असतं. दोन-तीन दिवसांत काही झालं नाही तर त्या मंचाकडे कॉपीराइटची तक्रार करा. तिचा फॉर्म फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब सगळीकडे असतो. आपल्या २०१३ च्या नियमांप्रमाणे लेखी तक्रार नीट केलेली असेल तर मंचाने ३६ तासांत तो मजकूर दिसण्यापासून थांबवायचा असतो. त्यानंतर २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर तो परत सुरू करता येतो. म्हणून तक्रारीत मूळ कृतीचं वर्णन, ती तुमची असल्याचा पुरावा आणि चोरीच्या प्रतीची नेमकी लिंक द्यावी लागते, आणि आपण दावा दाखल करू असं लिहून द्यावं लागतं.

उलट बाजूने, तुमच्या यूट्यूब व्हिडिओवर काही आलं तर आधी ते काय आहे ते बघा. "क्लेम" म्हणजे यंत्रणेने काहीतरी ओळखलं आहे; चॅनेलला धोका नाही. "स्ट्राइक" म्हणजे कुणीतरी रीतसर काढायला लावलं आहे. ९० दिवसांत असे तीन झाले तर चॅनेल जाऊ शकतं. क्लेम चुकीचा वाटला, उदाहरणार्थ तुम्ही स्वतः लावलेल्या चालीत अभंग गायलात आणि कुणा कंपनीने तो आपला म्हटला, तर हरकत नोंदवा. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. घाबरून व्हिडिओ काढू नका. खोट्या धमक्या देणाऱ्याविरुद्ध दाद मागायची सोय कायद्यातच आहे.

न्यायालयाची पायरी क्वचितच चढावी लागते, पण ती बंद नाही. दावा तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात करता येतो, चोराच्या गावी जावं लागत नाही. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. इतकं पुढे जायचं असेल तेव्हा वकील गाठा.

गोधडीच्या लेखाचं पुढे काय झालं ते सांगते. ज्या दादाने तो आमच्या गटावर टाकला होता त्याला मी फोन केला. त्याला तो त्याच्या निवृत्त सहकाऱ्यांच्या गटातून आला होता, तिथे एका काकांकडून, काकांना भिशीच्या गटातून. मी साखळी उलटी धरत चौघांपर्यंत पोचले, पाचव्या ठिकाणी धागा तुटला. त्या चौघांनाही मूळ लेख पाठवला, नावासकट आणि माझ्या शेवटच्या वाक्यासकट, आणि एवढाच पुन्हा त्याच गटांवर टाका अशी विनंती केली. चौघांनीही टाकला. भिशीच्या गटातल्या एका आजींनी दुसऱ्या दिवशी मला फोन करून विचारलं, "चौथं लुगडं कुणाचं ते कळलं का गं मग?"